नकाराची पावती

शालूताई पानसे निवेदन द्यायला निघाल्या की पिशवीत त्याच्या दोन प्रती असायच्या. एक साहेबांसाठी आणि दुसरी पोच घेण्यासाठी. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर समोरच्या कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि कुणाची तरी वाकडीतिकडी सही. ती हातात पडेपर्यंत शालूताई खुर्चीवरून हलत नसत. "साहेब आलेत का बघून येतो," म्हणून आत गेलेला शिपाई दीड तासाने बाहेर यायचा, तेव्हाही त्या तशाच बसलेल्या असायच्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना माघारी 'पोचबाई' म्हणतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नव्हतं. मिस्टर पानसे मात्र म्हणायचे, "अगं, यमाकडूनसुद्धा तू पोच घेशील." शालूताई शांतपणे म्हणायच्या, "घेईन की. नाहीतर आलो नव्हतो म्हणेल."

राज्यशास्त्रात बी.ए. झाल्यावर लगेच त्यांचं लग्न झालं. पुढची पंचवीस वर्षं स्वयंपाक, मुलांचे अभ्यास आणि सासूबाईंचं दीर्घ आजारपण यांत गेली. घरच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रावरून कंपनीशी त्यांचं वाजलं, तेव्हा कुणीतरी सदाशिव पेठेतल्या 'नागरिक साहाय्य न्यासा'चा पत्ता दिला. तक्रार घेऊन त्या दोन जिने चढून गेल्या. यंत्र तीन महिन्यांत बदलून मिळालं आणि शालूताई न्यासातच राहिल्या. त्यालाही आता अकरा वर्षं होऊन गेली होती.

न्यास म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या आणि तीन टेबलं. एक ग्राहकांच्या तक्रारींचं, एक घराच्या भानगडींचं आणि तिसरं रेशन, पेन्शन, दाखले असल्या कल्याणाच्या कामांचं. तिन्ही टेबलांच्या वर बद्रीनाथ मुळे. मुळेकाका आयुष्यभर मंत्रालयात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की एकेकाची तक्रार सोडवत बसलो तर जन्म पुरणार नाही, त्यापेक्षा नियमच बदलून घ्यावा. म्हणून न्यासाची माणसं आमदारांच्या मागे असायची. निवेदनं, मसुदे, विधानसभेत विचारायचे प्रश्न, सगळं न्यासात बसून तयार व्हायचं आणि आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिलं जायचं. अकरा वर्षांत किती नियम बदलले असं कुणी विचारलं की मुळेकाका सांगत, "दीड." एक लिफ्टच्या तपासणीची तारीख लिफ्टमध्येच लावायचा. अर्धा म्हणजे एका मंत्र्यांनी 'तपासून पाहू' म्हटलं होतं, तो.

पोचांनी भरलेली कपाटं मात्र चार होती.

मागच्या संक्रांतीच्या आठवड्यात गोदाबाई तो जिना चढून आल्या. वारज्याला टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत त्या एकट्याच राहायच्या. नवरा कोंडीराम जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूळ गाव परभणीकडे. टेबलासमोर बसून त्यांनी पाणी घेतलं, खिडकीतली तुळस छान वाढली म्हणाल्या, शालूताईंना मुलं किती ते विचारलं. काय काम होतं असं शालूताईंनी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाई ताई, सहज आले." वारज्याहून दोन बस बदलून दुसऱ्या मजल्यावर सहज कोण येतं? शालूताईंनी आणखी एक चहा मागवला. त्या चहाच्या शेवटच्या घोटाला गोदाबाई म्हणाल्या, "रेशनचं मशीन माझा अंगठा घेत न्हाई. तीन महिनं झाले."

त्यांनी हात पुढे केला. सुरुवातीची वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवण्यात गेली होती, पुढची वीस आठ-आठ घरची भांडी घासण्यात. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. रेघ म्हणून औषधालासुद्धा उरली नव्हती.

"मी समोर हुबी हाय की, ताई," गोदाबाई म्हणाल्या. "दुकानदाराला दिसते. रांगंतल्या समद्यांना दिसते. मशीनलाच कशी दिसंना?"

अंगठा जुळला नाही तर वहीत नोंद करून धान्य द्यावं, अशी सोय कागदावर होती. दुकानदार म्हणे, वरचे मान्य करत नाहीत. वरचे म्हणत, आमच्या माहितीप्रमाणे कुणालाच धान्य नाकारलेलं नाही, एक तरी नोंद दाखवा. आणि नोंद कुठून दाखवणार? दुकानदार नकार देतो तो तोंडाने. 'मावशी, पुढच्या आठवड्यात या.' त्याची कुठे पावती असते?

मुळेकाकांनी चष्मा पुसला. "नकार तोंडी आहे तोवर तो सरकारच्या लेखी नाहीच. आपण एवढंच मागू, की अंगठा जुळला नाही तर दुकानदाराने तसं लेखी दिलं पाहिजे. नकाराची पावती. बास."

इतकी साधी मागणी अकरा वर्षांत झाली नव्हती. शालूताईंना तर वाटलं, ही होऊनच जाईल.

आमदारांच्या कार्यालयात पियुष नावाचा स्वीय सहायक होता. वय सव्वीस-सत्तावीस, कानाला सतत फोन, वागायला अगदी गोड. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण एका उद्घाटनाची फीत त्यांची वाट पाहत होती. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. निवेदन हातात धरून सगळ्यांचा फोटो झाला, त्यात साहेब कागदाकडे बघत होते आणि कागद उलटा होता. चौथ्या खेपेला पियुष म्हणाला, "मॅडम, साहेबांनी एकदम पॉझिटिव्हली घेतलंय. पावसाळी अधिवेशनात क्वेश्चन टाकू. तुम्ही ड्राफ्ट द्या ना, तुमचा ड्राफ्ट बेस्ट असतो."

विधानसभेच्या प्रश्नाची एक ठरलेली चाल असते. अमुक घडले हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. ही चाल शालूताईंच्या इतकी अंगवळणी पडली होती, की एकदा दूध उतू गेल्यावर त्या पानशांना म्हणाल्या होत्या, "दूध उतू गेले हे खरे आहे काय? असल्यास, आपण समोर बसून काय करत होतात?"

प्रश्नात गोदाबाईंचं नाव घालायचा हट्ट त्यांचाच. मुळेकाका कुरकुरले. "नाव घातलं की चौकशी त्या नावापाशी जाते, शालूताई."

"जाऊ दे ना. नाव असलं की थापा मारता येत नाहीत. 'काही लाभार्थी' म्हटलं की ते 'काही नाहीत' म्हणून मोकळे होतात."

गोदाबाईंकडून संमतीचा कागद घेतला, त्यावर न्यासाच्या शाईपॅडवर टेकवून त्यांचा अंगठा घेतला. प्रश्न गेला. कुठले प्रश्न सभागृहात घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, त्यात तो निघाला आणि मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या तारांकित प्रश्नांत चांगला वरच्या क्रमांकावर लागला. शालूताईंनी त्या दिवशी घरी साजूक तुपातला शिरा केला. पानशांनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस?" त्या म्हणाल्या, "तारांकित प्रश्नाचा."

जुलैमधल्या एका दुपारी पियुषने मोबाइलवर उत्तराची प्रत पाठवली. शालूताई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि वाचलं.

'हे खरे नाही. पुरवठा निरीक्षकांनी सदर महिलेची तिच्या राहत्या घरी समक्ष भेट घेतली असता, आपली कोणतीही तक्रार नसल्याचा जबाब तिने अंगठ्याच्या ठशासह दिला आहे. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग पियुषला फोन लावला.

"मॅडम, मीच करणार होतो कॉल," पियुष म्हणाला. "साहेबांची खूप एम्बॅरसमेंट झाली हो. समोरचे हसले सगळे. बेसिकली त्या आजींना आधी व्हेरिफाय करायला हवं होतं ना."

"त्यांचं धान्य बंद आहे, पियुष. आजही बंद आहे."

"हो, पण ऑन रेकॉर्ड त्या हॅपी आहेत ना, मॅडम."

शालूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटाणे तसेच टाकून त्या वारज्याच्या बसमध्ये चढल्या. रस्ताभर मनात एकच वाक्य घोळत होतं: सहा महिने, गोदाबाई, सहा महिने मी तुमच्यासाठी लोकांची दारं झिजवली आणि तुम्ही...

गोदाबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. शालूताईंना बघून त्यांचा चेहरा फुलला. "या ताई! उन्हाच्या कशा आल्या? बसा, चहा टाकते."

"चहा नको. गोदाबाई, तुमच्याकडे एक माणूस आला होता का? कागद घेऊन?"

"आला होता की! लई भला मानूस. चपला भाईर काढून आला. आमच्या परभनीकडलाच निघाला, तेच्या मामाचं गाव आमच्या गावाजवळ. पानी दिलं, चहा केला. साकर नव्हती, शेजारून आनली."

"तो काय म्हणाला?"

"म्हनला, मावशी, बरं हाय का? म्हनलं, बरं हाय. म्हनला, रेशनची काय तक्रार? म्हनलं, न्हाई बाबा, चाललंय, तुमची किरपा."

"अहो, पण का? चाललंय कुठे?"

गोदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला साधी गोष्ट कळू नये तसं. "ताई, मानूस पहिल्यांदा घरात आला. तेच्या हातात चहाची कपबशी. तेच्याफुडं रडगानं गावं का? आन् गाववाला. मामाच्या गावाला जाऊन सांगंल, कोंडीरामाची बायको पुन्यात उपाशी हाय म्हून."

शालूताईंनी विचारलं, "आणि अंगठा?"

इथे मात्र गोदाबाई हसल्या, लहान मुलीसारख्या. "कागद फुडं केला, शाई लावली. ताई, एका दाबात उमटला! आठ-नऊ महिन्यांनी सरकारी मानसानं माझा अंगठा घेतला. मी म्हनलं, आता झालं. आता धान्य येनार."

आत कोनाड्यात पिठाचा डबा होता. झाकण अर्धवट लागलं होतं. वाकून न बघताही त्याचा तळ दिसत होता. दोन घरची कामं अजून होती, तिथलं उरलंसुरलं आणि बाजारचं थोडं थोडं पीठ, असं निभत होतं.

शालूताई उंबऱ्यावर टेकल्या. राग कुणावर काढायचा तेच कळेना. निरीक्षकाने ऐकलं तेच लिहिलं. गोदाबाईंनी घरी आलेल्या माणसाला जे सांगायचं तेच सांगितलं. आणि संक्रांतीच्या वेळी हीच बाई आपल्याही टेबलासमोर 'सहज आले' म्हणाली होती, दोन चहा होईस्तोवर बोलली नव्हती, हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं. चौकशीला माणूस येईल, तो पाहुणा नसेल, एवढं एक वाक्य तिला येऊन सांगायचं आपल्याला सुचलं नाही. तिचा अंगठा आपणही घेतला होता आणि कागद फाइलीत लावून मोकळे झालो होतो.

"माझं काय चुकलं का, ताई?" गोदाबाईंनी विचारलं.

"नाही हो," शालूताई म्हणाल्या. "टाका चहा."

दुसऱ्या दिवशी मुळेकाकांनी उत्तर वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "अभिनंदन. महाराष्ट्रात एक तरी माणूस पूर्ण सुखी असल्याची विधिमंडळात नोंद झाली."

"चेष्टा पुरे, काका. आता पुढे काय?"

"पुढे हिवाळी अधिवेशन. पण ही नोंद झाल्यावर नुसत्या तोंडी बोलण्यावर कोण प्रश्न विचारणार? धान्य नाकारल्याचा लेखी पुरावा हवा."

"तो मिळत नाही म्हणून तर आपण पावतीची मागणी करतोय!"

"तेच म्हणतोय मी. पावती मागायला आधी पावती लागते." मुळेकाकांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला. "चाळीस वर्षं मी त्या बाजूच्या टेबलावर होतो, शालूताई. तिकडून हे फार सोपं दिसतं."

 रात्री पानशांनी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, तर शालूताई म्हणाल्या, "लेखी द्या." मग त्यांचा हातातला डाव तसाच थांबला. लेखी. सरकारने आदेश काढायची वाट का बघायची? निवेदनावर पोच द्या असा तरी आदेश कुठल्या कार्यालयाला होता? त्या नुसत्या उठत नव्हत्या, म्हणून मिळत होती.

रेशनच्या तारखेला त्या सकाळी दहालाच वारज्याला पोचल्या. या वेळी त्यांनी वाटेत सगळं सांगितलं: दुकानदार काय म्हणेल, आपण काय मागायचं, कशाला हो म्हणायचं नाही. गोदाबाई रिकामी पिशवी काखेत धरून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पन शंभू तसा वाईट न्हाई हं, ताई."

"माहितीये. वाईट कुणीच नाहीये, गोदाबाई. तोच तर त्रास आहे."

शंभूशेठच्या दुकानात पंधराएक माणसं होती. गोदाबाईंची पाळी आली. त्यांनी अंगठा पदराला पुसून मशीनवर ठेवला. लाल दिवा. परत पुसला, परत लाल. डावा अंगठा, लाल. मधलं बोट, लाल.

"मावशी, पुढच्या आठवड्यात या," शंभूशेठ सवयीने म्हणाला. "सर्व्हरचंही काहीतरी चाललंय."

"तसं लिहून द्या," शालूताई म्हणाल्या.

"काय?"

"यांचा अंगठा जुळला नाही, म्हणून धान्य दिलं नाही. एवढंच."

"ताई, तसा काही फॉर्म नसतो."

"कोऱ्या कागदावर चालेल."

"वरून आदेश नाही. आणि मी लिहून दिलं तर माझंच दुकान बंद करतील. मला काय मावशींशी वैर आहे का?"

मागून एक बाई ओरडल्या, "अहो, भाषण नंतर करा! आम्हाला ऑफिस आहे." आणखी कुणी म्हणालं, "या कोथरूडच्या बायकांना दुसरे उद्योग नाहीत." शालूताईंना ते लागलं, पण त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या. रांग पुढे गेली. रांग संपली तरी त्या दोघी तिथेच होत्या.

शंभूशेठने घड्याळाकडे बघितलं. मग आवाज एकदम मऊ केला. "बसा मावशी. एवढं उभं का राहायचं?" समोरच्या टपरीवरून त्याने तीन चहा मागवले आणि एक पेला स्वतःच्या हाताने गोदाबाईंपुढे केला. "घ्या. तुम्ही काय परक्या आहात का? कोंडीरामदादा इथेच यायचे. तुम्हाला माझी काही तक्रार आहे का, सांगा बरं?"

शालूताईंनी गोदाबाईंकडे बघितलं. झालं. आता या म्हणणार, न्हाई बाबा, तुझी किरपा.

गोदाबाईंनी पेला हातात घेतला. वाफेकडे बघितलं. मग तो तसाच वजनकाट्यावर ठेवून दिला.

"चहा नको, शंभू," त्या म्हणाल्या. "चहा घेतला की मला खरं बोलता येत न्हाई. आन् हे काय माझं घर न्हाई, तू माझा पाव्हना न्हाईस. लिहून दे. तवर बसते."

आणि त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या, पिशवी मांडीवर आणि पिशवीवर दोन्ही हात. शालूताई त्यांच्या शेजारच्या पोत्यावर.

दुकान एकला बंद व्हायचं. सव्वा झाला, पावणेदोन झाले. काट्यावरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली. शंभूशेठने बायकोला दोनदा फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं. अखेर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलं: आज रोजी गोदाबाई कोंडीराम यांचा अंगठा मशीनवर जुळला नाही. सबब धान्य दिले नाही. खाली तारीख घालून सही केली.

"शिक्का," शालूताई म्हणाल्या.

"शिक्का घरी राहिलाय."

"हरकत नाही, आम्ही बसतो."

शिक्का गल्ल्यातच सापडला.

बाहेर आल्यावर गोदाबाईंनी कागद उलटसुलट बघितला. एका बाजूला मागच्या महिन्याची एकादशी होती. "यानं गहू मिळंल?"

"नाही."

"मंग काय हुईल?"

"आता प्रश्न उद्भवेल," शालूताई म्हणाल्या. आपल्यालाच ते किती पोकळ वाटतं हे त्यांना जाणवलं. "म्हणजे डिसेंबरात. नागपूरला. चिठ्ठीत निघाला तर."

"आन् तवर?"

 अकरा वर्षांत या एका शब्दाचं उत्तर शालूताईंना एकदाही कुणाकडून लेखी मिळालं नव्हतं. गोदाबाईंनीही ते पुन्हा विचारलं नाही. रिकाम्या पिशवीची घडी घालून त्यांनी ती कमरेला खोचली.

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. शालूताईंनी कागद पुढे केला. "दोन काढा."

"तीन काढ," गोदाबाई मागून म्हणाल्या. "एक माझ्याकडं राहू द्या, ताई. आता कुनी कागद घेऊन दारात आलं, तर चहाच्या आधी हे दावते."

झेरॉक्सवाल्याने तिसरा कागद काढून त्यांच्या हातात दिला. शाई अजून गरम होती. गोदाबाईंनी कागद कडेने धरला, मधे बोट लागू न देता.